घाटात दम तोडणारी जुनी ट्रॅव्हलर कॅम्पर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्परसाठी आहेत. म्हणजे ज्या गाडीत ओएम ६१६ घराण्याचं २.४ लिटरचं, टर्बो नसलेलं, यांत्रिक इंजेक्शन पंपावर चालणारं डिझेल इंजिन आहे (खाली नुसतं ‘पंप’ म्हटलं की हाच). मूळ रचना मर्सिडीज-बेंझची, बनवणारी कंपनी पुण्याची बजाज टेम्पो, जिचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. युरोपातल्या जुन्या मर्सिडीज २४० डी मोटारींतही हेच इंजिन होतं. खाली दिलेले आकडे त्या मूळ रचनेचे आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचं ऐका. टर्बो आणि कॉमन रेल (संगणकाने चालणारं, फार उच्च दाबाचं इंजेक्शन) गाड्यांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

गाडी ओढत नाही असं वाटतं. पण ताकद खरंच कमी झाली आहे हे कसं ठरवायचं?

घड्याळ लावून. ओळखीचा एक चढ निवडा, पायथ्याच्या एका खांबापासून वरच्या एका खांबापर्यंत, एकच गिअर, रेसचं पेडल पूर्ण दाबलेलं, एसी बंद. वेळ लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर त्याच चढावर, जवळपास तेवढंच सामान भरून पुन्हा मोजा. हा आकडा नसेल तर प्रत्येक भाग बदलल्यावर गाडी सुधारल्यासारखीच वाटते.

मग इंजिन सोडून बाकीचे चोर पकडा. दहा किलोमीटर चालवून, शक्य तितका कमी ब्रेक मारून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. वरच्या गिअरमध्ये सावकाश जाताना पेडल एकदम दाबा. इंजिनाचे फेरे चढले आणि गाडी मागेच राहिली तर क्लच प्लेट घसरते आहे. टायरचा आकार बदलला असेल तर तेही लक्षात घ्या. मोठं चाक म्हणजे उंच गिअर, आणि घाटात ते लगेच जाणवतं.

कॅम्पर केल्यापासूनच गाडी सुस्त आहे. इंजिनात दोष असेल का?

आधी वजनकाट्यावर जा. पाणी भरलेलं, माणसं बसलेली, गॅस आणि भांडी आत, अशी गाडी तोला आणि आरसी बुकमधल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, यात कसलीच सूट नाही. १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. १८ मिलिमीटरचा आठ बाय चार फुटी वॉटरप्रूफ प्लायचा एक ताव तीस किलोच्या पुढे. सुतारकाम करणाऱ्याला घरातल्या वॉर्डरोबची सवय असते, त्यामुळे चार-पाच ताव सहज आत जातात.

आता हिशेब. ६०० किलो जास्त वजन ८ टक्के चढावर ताशी ३० किलोमीटरने न्यायला साधारण ५ अश्वशक्ती जास्त लागते. सत्तर अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनात हे जाणवतं, पण तिसऱ्या गिअरचा चढ पहिल्यावर येण्याइतकं ते नाही. तसं होत असेल तर दोष वेगळा आहे आणि वजन फक्त तो उघडा पाडतंय.

पहिली तपासणी कोणती?

पेडल. एकाने इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण खाली दाबायचं आणि दुसऱ्याने पंपावरची रेस लिव्हर पाहायची. ती फुल-रेसच्या स्टॉपर बोल्टला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर हाताने ढकलून पाहा किती उरली आहे. कॅम्परमध्ये हा दोष हमखास सापडतो, कारण केबिनच्या फरशीवर उष्णतारोधक थर, त्यावर प्लाय, त्यावर विनाइल आणि वर रबरी मॅट येते. फरशी वीस-पंचवीस मिलिमीटर वर येते आणि पेडलचा शेवटचा टप्पा संपतो. लिंकेजच्या झिजलेल्या बुशीही हेच करतात. दोन मिनिटांचं काम, आणि तरीही बहुतेक जण पंप उतरवल्यावर इकडे बघतात.

त्याच वेळी इंजिन बंद करायची केबल पाहा. जिथे ओढून बंद करायचा नॉब आहे तिथे केबल गंजून मध्येच अडकते, स्टॉप लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि पंप कायम थोडं कमी डिझेल देतो. केबल लिव्हरपासून सोडा, लिव्हर स्प्रिंगने मागे जाऊ द्या, मग चालवून पाहा.

पंपाच्या मागच्या टोकाला गोल डबी आणि तिला इनटेककडून (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गाकडून) आलेली नळी असेल तर तो व्हॅक्यूम गव्हर्नरचा पंप आहे. तिथे पेडल पंपाला नाही, इनटेकमधल्या पाकळीला जोडलेलं असतं. पाकळी पूर्ण उघडत नसेल तर व्हॅक्यूम टिकून राहतो आणि पंप डिझेल वाढवतच नाही.

धुरावरून काय कळतं?

बरंच. पण धूर पाहायचा तो चढावर, लोडवर, मागच्या गाडीतल्या माणसाने. उभ्या गाडीत रेस मारून निघालेला धूर फारसं काही सांगत नाही.

काळा धूर आणि ताकद कमी: डिझेल पोहोचतंय, हवा कमी पडते किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) नीट फवारत नाही. गरम इंजिनातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर: डिझेल जळत नाही, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडलंय, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) कमी आहे किंवा नोझल टपकतंय. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाच्या हेडखालच्या सीलकडे) वळा. निळा धूर: ऑइल जळतंय.

सगळ्यात कामाची खूण मात्र धूर नसण्याची आहे. ताकद नाही आणि धूरही नाही, म्हणजे इंजिन उपाशी आहे. अशा वेळी नोझल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन यांच्या मागे न लागता थेट टाकीपासून सुरुवात करा.

इंजिन उपाशी आहे हे पक्कं कसं करायचं?

डब्याची चाचणी करा. हजार शंकांवर हा एक उतारा आहे.

पाच लिटरचा स्वच्छ डबा, ताजं डिझेल, आणि डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी दोन-तीन मीटर. डबा फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल खेचून इंजेक्शन पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाच्या) पातळीला किंवा थोडा वर घट्ट बांधा, एक्झॉस्टपासून लांब. टाकीकडून फीड पंपाला येणारी नळी काढून बूच मारा आणि तिच्या जागी डब्याची नळी लावा. रिटर्नची (जास्तीचं डिझेल परत नेणारी) नळीही डब्यातच सोडा. ती टाकीकडे राहिली तर डबा अपेक्षेपेक्षा फार लवकर रिकामा होईल, कारण पंपाकडे गेलेल्या डिझेलचा मोठा भाग परत येतो. हँड प्रायमरने (फीड पंपावरच्या हातपंपाने) हवा काढा आणि तोच चढ पुन्हा चढा. पूर्ण लोडवर दहा मिनिटांत हे इंजिन साधारण तीन लिटर पिऊ शकतं, त्यामुळे चाचणी छोटी ठेवा.

ताकद परत आली तर दोष टाकी ते फीड पंप या पट्ट्यात आहे. नाही आली तर फीड पंप किंवा त्यापुढे काहीतरी.

टाकीकडच्या बाजूचे संशयित, सापडण्याच्या क्रमाने: टाकीतली पिकअप जाळी (डिझेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडावरची), जिच्यावर गंज आणि काळा चिकट गाळ बसतो, टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र, आतून फुगलेली रबरी नळी, फरशीतून नवीन वायरिंग किंवा पाण्याच्या टाकीचे पट्टे बसवताना चेपलेला डिझेल पाइप. श्वासछिद्र तपासायला गाडी अडखळायला लागली की थांबून झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि पुढचे काही किलोमीटर गाडी ठीक चालली तर मिळालं उत्तर.

जाळी साफ करताना पाइपमधून उलटी हवा मारून समाधान मानू नका. गाळ टाकीतच परततो आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा जाळीवर बसतो. टाकी उतरवा, धुवा, पूर्ण वाळवा. वर्षातले आठ महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा गाळ बहुधा पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवली तर आत दमट हवेला जागा राहत नाही.

पंपाकडच्या बाजूला फीड पंपाच्या तोंडाशी असलेली लहान जाळी किंवा काचेची वाटी, बँजो बोल्टमधली (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टमधली) जाळी आणि मग डिझेल फिल्टर. फिल्टर बदलताना जुना कापून उघडा. कागद काळा पडणं नेहमीचंच. लालसर पूड म्हणजे टाकीतला गंज, आणि शेवाळासारखा चिकट थर म्हणजे पाणी.

कुठेच गळती नाही, तरी मेकॅनिक म्हणतो ‘एअर घेतेय’. हे कसं शक्य आहे?

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन खेचणारी असते. तिथे फट पडली की बाहेर डिझेल येत नाही, आत हवा जाते. म्हणून लाइन कोरडी दिसते. फीड पंपाच्या आधी आणि फिल्टरच्या नंतर पारदर्शक नळीचा एकेक तुकडा घाला. सुरू करताना दोन-चार बुडबुडे चालतात. गरम इंजिनावर सतत बुडबुडे वाहत असतील तर पहिल्या तुकड्यापासून मागे मागे शोधत जा.

नेहमीच्या जागा: कडक झालेली रबरी नळी, पुन्हा वापरलेली तांब्याची वॉशर, हँड प्रायमरचा झिजलेला दट्ट्या. तांब्याच्या वॉशर प्रत्येक वेळी नव्याच घाला.

कॅम्परची खास भर म्हणजे डिझेलवर चालणारा केबिन हीटर. लडाख-स्पितीच्या बेतात तो बसवला जातो आणि त्याची टी (तीन तोंडांचा जोड) मुख्य डिझेल लाइनमध्येच मारतात. त्या टीतून इंजिन हवा खेचतं. हीटरला टाकीत स्वतंत्र नळी द्या, आणि ती मुख्य पिकअपपेक्षा आखूड ठेवा. हीटरने टाकी संपवली तरी गाडी हलवायला डिझेल उरतं.

सकाळी छान ओढते, दोन तासांनी दम तोडते. का?

इथे तीन शक्यता आधी घ्या. अर्धा तास थांबल्यावर आपोआप बरी होत असेल तर श्वासछिद्र किंवा पिकअप जाळी: खेच थांबली की जाळीवरचा गाळ खाली बसतो. गरम असताना सुरूही कष्टाने होते, थंडीत मात्र ठीक, तर पंपाचे एलिमेंट (प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबून देणारे दट्टे) झिजले आहेत. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे सटकतं. आणि तापमानाचा काटा चढत असेल तर ताकदीचा प्रश्न नंतर, आधी गाडी थांबवा.

एअर फिल्टर नवा आहे. तरी काळा धूर?

फिल्टर नवा असला तरी त्याच्या आधीचा मार्ग मोकळा आहे का? इनटेकच्या तोंडापाशी जास्तीची बॅटरी किंवा आवाजरोधक फोम बसवलेला सापडतो. उभ्या गाडीत उंदीर फिल्टरच्या डब्यात घर करतात, हेही लिहून ठेवतो. ऑइल-बाथ फिल्टरमध्ये (ऑइलमध्ये धूळ अडवणाऱ्या जुन्या प्रकारात) खुणेच्या वर ऑइल भरू नका. जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं.

मोजायचं असेल तर पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात पट्टीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक फिल्टर आणि इनटेकच्या मध्ये जोडा, दुसरं उघडं. पूर्ण रेसला दोन बाजूंच्या पाण्यातला फरक ६०० मिलिमीटरजवळ गेला तर मार्ग तुंबलेला आहे. नळीच्या दोन्ही बाजू किमान मीटरभर उंच ठेवा, नाहीतर पाणी इंजिनात जाईल.

सायलेन्सर तुंबल्याने ताकद जाते का?

जाते. स्पीड ब्रेकरवर चेपलेला पाइप बाहेरून दिसतो, दुहेरी भिंतीच्या पाइपचा आतला थर कोसळला तर दिसत नाही. थंड इंजिनावर मॅनिफोल्डखालचा जॉइंट सैल करून थोडं अंतर चालवा. आवाज कानठळ्या बसवेल, पण गाडी एकदम उडायला लागली तर सायलेन्सर बदला. केबिनच्या खिडक्या उघड्या ठेवा. तो धूर आत येतो.

कोणता सिलिंडर कमजोर आहे हे घरच्या घरी कळेल का?

यांत्रिक पंपाच्या गाडीत कळेल. इंजिन गरम, आयडल ७००-८०० फेऱ्यांवर. चष्मा घाला. नोझलवरचा १७ नंबरचा नट अर्धा फेरा सैल करा, फरक ऐका, घट्ट करा, पुढच्यावर जा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिन डळमळतं तो सिलिंडर काम करतोय. ज्याने काहीच फरक पडत नाही तो आळशी. फवाऱ्यासमोर बोट कधीच नेऊ नका. दाबाखालचं डिझेल कातडीत शिरतं आणि ती शस्त्रक्रियेची वेळ असते.

आळशी सिलिंडरचं नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा व्हॉल्व्ह. नव्या नोझलचा उघडण्याचा दाब ११५ ते १२५ बार, वापरलेलं १०० च्या खाली गेलं तर दुरुस्तीला. नोझलखालची उष्णतारोधक वॉशर प्रत्येक वेळी नवी.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन?

हा क्रम पाळा: आधी टॅपेट, मग कॉम्प्रेशन. उलट केलं तर चुकीचे आकडे मिळतात आणि माणूस विनाकारण इंजिन खोलायला काढतो. थंड इंजिनावर इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. काळानुसार व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत जातो आणि फट कमी होत जाते, म्हणून खडखड वाढत नाही, उलट गाडी शांत होते. शांत टॅपेटवर खूश होऊ नका. फट शून्य झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो आणि ताकद गळते. वीस-पंचवीस हजार किलोमीटरला एकदा तपासा. १४ नंबरचे दोन पाने आणि फीलर गेज पुरतात.

कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, सगळे ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढून, स्टॉप केबल ओढून, भरलेल्या बॅटरीवर मोजा. गेज डिझेलचाच हवा. २२ ते २४ बार उत्तम, १५ ही खालची मर्यादा, आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक नको. चारही १८ वर असलेलं इंजिन एक १४ आणि तीन २३ असलेल्यापेक्षा बरं.

टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. मग टायमिंग कसं बिघडेल?

चेन ताणते. तुटत नाही म्हणून लोक विसरतात. कव्हर उघडा, क्रँक नेहमीच्या दिशेनेच फिरवा आणि कॅमवरची खूण तिच्या आधारावरच्या खुणेशी जुळवा. मग खाली पुलीवरचे अंश वाचा. दोन-तीन अंश वयाचे. ५ च्या आसपास ऑफसेट की (कॅमच्या चक्राची जागा थोडी सरकवणारी तिरकी चावी) घालून सुधारता येतं. १० च्या जवळ नवीन चेन, टेन्शनर आणि गाइड रेल. चेन ताणली की पंपही मागे पडतो. इंजेक्शनची सुरुवात पिस्टन सर्वात वर पोहोचण्याच्या २४ अंश आधी हवी. मागे पडली तर पांढरा धूर आणि सुस्ती, पुढे गेली तर कडक ठोका.

गॅरेजवाले म्हणतात ‘पंपाला डिझेल वाढवून देतो’. घ्यावं का?

वर लिहिलेलं सगळं तपासून झालं नसेल तर नाही. फुल-लोडचा स्क्रू फिरवला की चार दिवस गाडी चपळ वाटते. पण हवा तेवढीच असते, त्यामुळे जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन बाहेर जातं, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि लांब घाटात पिस्टन आणि हेडवर ताण येतो. पीयूसीही अडते: बीएस ४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या गडदपणाचं एकक) आहे. पंप खरोखर झिजला असेल तर तो टेस्ट बेंचवर चढवून चारही एलिमेंटचं डिझेल मोजून घ्या आणि आकड्यांचा कागद मागा. आणि पंपाचं सील तोडण्याआधी डब्याची चाचणी झाली आहे ना, हे स्वतःला विचारा.

महाबळेश्वरला थोडी, लडाखला फारच सुस्त होते. दोष आहे का?

नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवर ते जेमतेम जाणवेल. लेहच्या ३५०० मीटरवर एक तृतीयांश ताकद गेलेली असते आणि धूर काळा होतो, कारण पंपाला हवा विरळ झाल्याचं कळत नाही. खालचा गिअर, अर्धं पेडल.

माझ्या गाडीला टर्बो आहे. वेगळं काय?

हवेच्या नळ्या. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक नळी काढून वाकवून पाहा. चीर आतल्या बाजूला असते आणि दाब आल्यावरच उघडते. तेलकट डाग दिसला तर तिथेच साबणाचं पाणी मारा. इंजेक्शन पंपावर बूस्टची (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची) बारीक नळी येत असेल तर ती तुंबलेली किंवा सुटलेली नाही ना बघा. ती गेली की पंपाला बूस्ट कळत नाही आणि डिझेल वाढत नाही. टर्बोचा शाफ्ट तपासायचा तर इंजिन पूर्ण थांबल्यावर.

आणि कॉमन रेल?

नट सैल करण्याची चाचणी तिथे कधीही करायची नाही. दाब हजार बारच्या पुढचा असतो. गाडी ठरावीक फेऱ्यांपुढे चढतच नसेल, आणि किल्ली बंद-चालू केल्यावर काही वेळ ठीक होत असेल, तर ती लिंप मोडमध्ये आहे, म्हणजे दोष दिसल्यावर संगणकाने ताकद मुद्दाम कमी केली आहे. स्कॅनर लावा, रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब चढावर शेजारी शेजारी पाहा. टाकी, जाळी, फिल्टर, झाकण यांचे दोष मात्र इथेही तेच.

ग्लो प्लग बदलल्याने ताकद वाढेल?

नाही. ते फक्त सुरू करण्यापुरते.

डिझेलच खराब असेल तर?

पेट्रोल पंपावर डिझेलची घनता मोजून मागता येते. नोंदवलेल्या आणि मोजलेल्या घनतेत १५ अंश तापमानाच्या हिशेबाने घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नसावा. शंका असेल तर फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढा, रात्रभर ठेवा. पाणी सकाळी खाली वेगळं दिसतं.

लांबच्या प्रवासाला सोबत काय ठेवावं?

दोन डिझेल फिल्टर, बँजोच्या मापाच्या तांब्याच्या वॉशर दहा-बारा, दोन मीटर डिझेलची नळी आणि सहा क्लॅम्प, हँड प्रायमरचा एक जोड, स्टॉप केबल, १४ चे दोन आणि १७ चा एक पाना. आणि चाचणीचा तो पाच लिटरचा डबा, रिकामा आणि स्वच्छ, ज्यावर मोठ्या अक्षरात ‘पाण्यासाठी नाही’ असं लिहिलेलं असेल.